थारला घरचा स्टील बंपर: कुठे किती जाड, आणि बोल्ट कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१५ ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), फोर बाय फोर. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या चिखलवाटांवर जाणं होतं. पुढे स्टीलचा बंपर करून त्यात ९५०० पौंडांची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र) बसवायची आहे. ओळखीचा फॅब्रिकेटर ‘सगळं १० एमएममध्ये करू, आयुष्यभर बघायला नको’ म्हणतो. १० एमएम पुरेल का, आणि वर पाइपचा गार्ड घ्यावा का?

१० एमएम पुरेल का, यापेक्षा ते कुठे लागतं हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. बंपरच्या तोंडाला १० एमएम लावणं म्हणजे वजन वाया घालवणं, आणि त्याच बंपरचा चॅसिसला जोडणारा भाग कच्चा राहिला तर तेच वजन विंच ओढताना गाडीपासून सुटून उडणार. घरगुती बंपर बिघडतात ते पत्रा पातळ म्हणून क्वचितच. हूकपासून चॅसिसच्या बोल्टपर्यंत जोर कोणत्या वाटेने जाणार, हे कोणी कागदावर काढलेलं नसतं, म्हणून बिघडतात.

आधी कायद्याचं, कारण त्यावर पुढची रचना ठरते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (बंपरपुढे लावतात ते लोखंडी गार्ड) कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ लावताना कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं बोट या बंपरवरच ठेवतो.

म्हणून माझा सल्ला असा: हा बंपर पूर्ण बोल्टवर बसणारा करा, चॅसिसला एक टाकाही वेल्डिंग नको, आणि मूळ बंपर, त्याचे बोल्ट, क्लिपा सगळं जपून ठेवा. रस्त्यावर मूळ बंपर, खासगी जागेतल्या ट्रॅकवर किंवा स्पर्धेत हा. दोन माणसांना आणि एका जॅकला तासाभरात अदलाबदल करता आली पाहिजे. यातूनच पाइपच्या गार्डचंही उत्तर मिळतं: नको. पायी चालणाऱ्याला सर्वांत जास्त इजा तोच करतो, आरटीओच्या नजरेत पहिल्यांदा तोच भरतो, आणि विंचच्या कामात त्याचा काडीचा उपयोग नाही. रेडिएटरला फांद्यांपासून जपायचं असेल तर ग्रिलच्या मागे बारीक जाळी लावा.

तुमच्या गाडीला एअरबॅग नाहीत, त्यामुळे सेन्सरची भानगड नाही. हे वाचणाऱ्या कोणाकडे ऑक्टोबर २०२० नंतरची नवी थार असेल तर त्यांनी पुढचं काहीही तिला लावू नये. पुढचं तोंड किती आणि कसं चेपतं यावरच एअरबॅग कधी उघडायची हे ठरतं, आणि जाड लोखंड तो हिशेबच बिघडवतं. एअरबॅग नसल्या तरी एक गोष्ट उरतेच: कडक बंपर धक्का गिळत नाही, चॅसिसमार्फत आत बसलेल्यांपर्यंत पोचवतो.

आता जोराचा हिशेब. ९५०० पौंड म्हणजे सुमारे ४३०० किलो. हा आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाचा. थर वाढतील तसा जोर कमी होतो. पण चिखलात पुली लावून दोर उलटा फिरवला आणि त्याचं टोक आपल्याच बंपरच्या शॅकलला (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) अडकवलं, तर विंचवर ४३०० आणि शॅकलवर ४३००, मिळून बंपरवर साडेआठ टनांच्या वर जोर येतो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आणि ओढ तिरकी असली की हा जोर दोन्ही बाजूंत सारखा वाटला जात नाही, एकाच बाजूचा ब्रॅकेट (बंपर चॅसिसला जोडणारी प्लेट) बहुतांश घेतो. म्हणून प्रत्येक बाजू एकटीने पूर्ण भार घेईल अशीच करायची.

त्यात उंचीचा भाग आहे. दोराची रेषा चॅसिसच्या बोल्टांपेक्षा १५ सेंटिमीटर वर असेल तर ४३०० किलोची ओढ बंपरला वरून पुढे पाडायला बघते, ६४५ किलो-मीटरच्या मुरडीने. ब्रॅकेटचे पुढचे आणि मागचे बोल्ट १० सेंटिमीटर अंतरावर असतील तर पुढच्यांना खाली आणि मागच्यांना वर ढकलणारा जोर जवळजवळ साडेसहा टन. तेच अंतर २० सेंटिमीटर केलं की सव्वातीन टन. म्हणजे जाडी न वाढवता, फक्त ब्रॅकेट मागे लांब नेऊन जोर निम्मा होतो. कंपनीचे मूळ बोल्ट बंपरचं वजन पेलायला दिलेले असतात, गाडी ओढायला नाही. ती भोकं वापरा, पण तेवढ्यावर थांबू नका. ब्रॅकेट चॅसिसच्या बाजूने निदान २० सेंटिमीटर मागे न्या आणि प्रत्येक बाजूला एम-१२ चे, ८.८ ग्रेडचे चार बोल्ट घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते बघूनच घ्या. कोरं डोकं असलेला बोल्ट गेट बसवायला ठीक आहे.

नवीन भोकं पाडायची झाली तर चॅसिसच्या उभ्या भिंतीत, तिच्या उंचीच्या मधोमध. वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीत कधीही नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथेच असतो. ड्रिल लावण्याआधी आतल्या बाजूने हात फिरवा: ब्रेकची नळी, वायरिंग, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट काय काय आहे ते बघा. चॅसिस पेटीसारखी बंद असेल आणि बोल्ट आरपार जात असेल, तर आवळताना दोन्ही भिंती आत चेपतात. आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याभरात ढिला. आतल्या रुंदीइतक्या लांबीचा जाड नळीचा तुकडा चॅसिसच्या पुढच्या उघड्या तोंडातून आत सरकवा आणि बोल्ट त्यातून न्या. पलीकडच्या बाजूला नुसता वायसर नको, ६ एमएमची पट्टी द्या.

शॅकलचे कान, म्हणजे शॅकल अडकवायच्या भोकाच्या प्लेटा, हा दुसरा नाजूक भाग. बाजारात सर्रास मिळणारा डी-शॅकल ४.७५ टनांचा असतो, अंग १९ एमएम, पिन २२ एमएम. त्यासाठी कान २० एमएम प्लेटचा, भोक २५ एमएम, आणि भोकाच्या पुढे सगळीकडे निदान ३० एमएम लोखंड शिल्लक. भोक गॅसने कापू नका, ड्रिल करून घ्या, आणि कडा फाइलने गोल करा, नाहीतर सॉफ्ट शॅकलचा दोर तिथेच कापला जाईल. मुख्य म्हणजे कान बंपरच्या तोंडावर चिकटवायचा नाही. तोंडाच्या पत्र्याला खाच पाडून कान आत न्यायचा आणि मागे चॅसिसच्या ब्रॅकेटलाच वेल्ड करायचा. तोंडावर चिकटवलेला कान ओढला की वेल्ड एका कडेपासून सोलत जातो, आणि वेल्डला सोलणं सर्वांत कमी झेपतं. आत नेलेल्या कानाचा वेल्ड लांबीच्या दिशेने ओढला जातो, ते त्याला झेपतं. ८ एमएम पायाच्या नीट घातलेल्या फिलेट (कोपऱ्यातल्या) वेल्डच्या १०० एमएम लांबीला सुरक्षित हिशेबाने साडेपाच टन धरता येतात. कानाच्या दोन्ही बाजूंना १०० एमएम मिळाला की काळजी नाही, वेल्ड खरोखर आत उतरलेला असेल तर.

आता प्लेटा. साधं आयएस २०६२ ई-२५० लोखंड घ्या. खास पोलाद शोधायची गरज नाही. ते महाग, आणि चुकीच्या रॉडने वेल्ड केलं तर उलट तडकतं. लोखंडी प्लेटचं वजन सोपं आहे: एक चौरस मीटर, एक एमएम जाडी, ७.८५ किलो. तुमच्या बंपरचं तोंड बेंडसकट साधारण १४५० × ४५० एमएम धरलं तर ४ एमएममध्ये साडेवीस किलो, १० एमएममध्ये ५१ किलो. नुसतं तोंड! ४ एमएमला वरून-खालून बेंड दिले की ती पेटीसारखी ताठ होते, दगडाला घासली तर खरवडेल पण वाकायची नाही. विंचचा ट्रे (विंच बसते ती प्लेट) ६ एमएम, ६०० × ३०० चा, साडेआठ किलो. चॅसिसचे दोन ब्रॅकेट १० एमएममध्ये (इथे तुमच्या फॅब्रिकेटरचं १० एमएम हवंच), मिळून पाच किलोच्या आत. दोन कान साडेचार किलो. गसेट (कोपऱ्यांना आधार देणाऱ्या तिकोनी प्लेटा), पट्ट्या, बोल्ट धरून बंपर ४० किलोवर थांबतो. सगळं १० एमएममध्ये केलं तर तो ७५ च्या पुढे जातो, आणि ब्रॅकेट तेवढेच मजबूत राहतात जेवढे आधी होते.

सिंथेटिक दोराची विंच ३० किलोच्या आसपास. म्हणजे एकूण ७० किलो, तेही पुढच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे. थारचा व्हीलबेस २४३० एमएम. तरफेच्या हिशेबाने पुढच्या ॲक्सलवर ८७ किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल १७ किलोंनी हलका होतो. तीव्र उतारावर ब्रेक मारल्यावर हे लगेच जाणवतं. तुमच्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत, त्यामुळे बसलेलं नाक ॲडजस्टिंग बोल्ट फिरवून वर आणता येतं. पण त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची बदलते. जास्त फिरवलंत तर चाकाला खाली यायला जागा उरत नाही, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे कायम तिरके राहून झिजतात. मूळ उंची परत येईल इतकंच फिरवा आणि मग व्हील अलाइनमेंट करा. स्टील दोराची विंच घेतली तर आणखी आठ-दहा किलो. माझा कल सिंथेटिककडेच, कारण तुटला तरी तो कमी ताकदीने उसळतो. त्याला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉस फेअरलीड (दोर बाहेर येतो ती चौकट) लागतो, रोलर स्टील दोरासाठी.

विंच आधी विकत घ्या, बंपर नंतर. या वर्गातल्या बहुतेक विंचच्या पायाची भोकं २५४ × ११४ एमएमवर असतात, पण मोटर आणि गिअरबॉक्सची लांबी, ड्रम मोकळा करणाऱ्या क्लचच्या दांडीची जागा कंपनीगणिक वेगळी. बंपर बंद झाल्यावर क्लचच्या दांडीपर्यंत हातमोजा घातलेला हात जातो का, आणि पायाच्या नटांना पाना लागतो का, हे पुठ्ठ्यावरच तपासा. या दोन्हींसाठी झालेल्या बंपरला नंतर ग्राइंडरने पाडलेल्या खिडक्या सगळीकडे दिसतात.

पुठ्ठ्याचा साचा टाळू नका. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, चिकटपट्टी आणि मार्कर एवढं पुरे. बंपर चॅसिसवर असतो आणि बॉडी रबराच्या बुशांवर, त्यामुळे चॅसिस पिळली की बॉडी बंपरच्या मानाने हलते. ग्रिल आणि मडगार्डपासून १५ ते २० एमएम फट मोकळी ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात बंपर मडगार्डचा रंग खरवडून काढेल. तुमच्या थारचा अप्रोच अँगल (पुढचा बंपर न टेकता चढता येणारा कोन) ४४ अंश आहे. तो घालवण्यासारखा नाही. टायरच्या पुढच्या कडेला जमिनीजवळ दोरी लावून ती तिरकी वर बंपरच्या खालच्या कडेपर्यंत ताणा आणि मोबाइलच्या कोन मोजणाऱ्या ॲपने बघा. दोन्ही टोकं चाकासमोर वर कापलेली घ्या, बंपर टायरच्या रुंदीच्या बाहेर जायलाच नको. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, हेडलाइट, इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हेही याच वेळी.

वेल्डिंग हा फॅब्रिकेटरशी थोडं स्पष्ट बोलण्याचा भाग आहे. ग्रिल-गेटवाल्यांकडे जुना एसी ट्रान्सफॉर्मर आणि ६०१३ चा १० नंबरचा रॉड असतो. तोंडाच्या ४ एमएम पत्र्याला तो चालतो. ब्रॅकेट आणि कानांना मात्र ई-७०१८ रॉड हवा, तोही डीसी मशिनवर आणि कोरडा. उघड्या पुडक्यातला, पावसाळ्यात ओल धरलेला ७०१८ म्हणजे न वापरल्यासारखाच. ३०० ते ३५० अंशाच्या रॉड ओव्हनमध्ये तासभर तापवून घ्यावा लागतो. १० नंबरला ११० ते १४० अँपिअर. ही सोय त्याच्याकडे नसेल तर ब्रॅकेट आणि कान एखाद्या सीओटू मिग मशिनवाल्याकडून करून घ्या; एमआयडीसीच्या आसपास तो सहज मिळतो. १० आणि २० एमएम प्लेटच्या कडा ३० अंशात घासून, २ एमएम फट ठेवून वेल्ड घाला. कडा न घासता वरून जाड मणी ओतला तर तो देखणा दिसतो आणि आत काही नसतं.

क्रम महत्त्वाचा आहे. ब्रॅकेट आधी चॅसिसला बोल्टने आवळा, मग त्यांवर ट्रे, तोंड आणि कान टॅक करा, म्हणजे थोडे टाके मारून तात्पुरते धरून ठेवा. टॅक करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ बंपरलाच लावा, कारण सीआरडीईचा ईसीयू (इंजिनचा संगणक) फुकट मरायला नको. टॅक झाल्यावर दोन्ही ब्रॅकेटच्या मागच्या टोकांमध्ये एक अँगल आडवा टॅक करा, मगच बंपर उतरवा. हा अँगल विसरलात तर पूर्ण वेल्डिंगनंतर ब्रॅकेट आत ओढले जातात आणि बंपर चॅसिसवर चढत नाही. मग हातोडा, मग भोकं मोठी करणं, आणि बोल्टांचा सगळा हिशेब पाण्यात. पूर्ण वेल्डिंग ४०-५० एमएमच्या टप्प्यांनी, डावी-उजवी बदलत, मध्ये थंड होऊ देत.

ट्रेची हीच काळजी दुप्पट घ्या. वेल्डिंगने ट्रे पोटाकडे वाकतो, विंचचे दोन पाय एका पातळीत राहत नाहीत, आणि बोल्ट आवळताच ड्रमचा शाफ्ट तिरका पडतो. लक्षण असं: क्लच सोडून दोर हाताने ओढला तर जड येतो, बोल्ट थोडे ढिले केले की हलका होतो. सरळ पट्टी ठेवून अर्ध्या एमएमपेक्षा जास्त उजेड दिसला तर शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला किंवा ट्रे सरळ करून घ्या. तसाच वापरला तर गिअरबॉक्स खातो.

रंगाचं थोडक्यात. नव्या प्लेटवरची निळसर-काळी मिल स्केल ग्राइंडरने किंवा सँडब्लास्टने काढा, त्यावर थेट रेड ऑक्साइड मारला तर पापुद्रा स्केलसकट निघतो. इपॉक्सी प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पावडर कोटिंग सुंदर दिसतं, पण दगडाने उडालं की खाली गंज पसरतो आणि वरून कळत नाही. ऑफरोडच्या गाडीला ब्रशने डागडुजी होणारा रंगच बरा. सर्वांत खालच्या जागी १०-१२ एमएमची पाणी जाण्याची भोकं ठेवा, विशेषतः कोकणात किनाऱ्याला जात असाल तर. गॅल्व्हनायझिंगचा विचार असेल तर बंद पेटी तशीच झिंकच्या कुंडात द्यायची नाही, आतली कोंडलेली हवा आणि ओल तापून ती फुटते.

फॅब्रिकेटरच्या हातात द्यायला एवढा कागद पुरे: तोंड ४ एमएम बेंडसकट, ट्रे ६, ब्रॅकेट १० आणि २०० एमएम मागपर्यंत, कान २० आरपार, बाजूला चार-चार एम-१२ बोल्ट ८.८ ग्रेडचे, ब्रॅकेट-कानांना ७०१८ किंवा मिग, पाइप गार्ड नाही.

शेवटी तपासणी, आणि तिचा पहिला भाग रंगाआधी. डाय पेनिट्रंट टेस्टचे तीन स्प्रे मिळतात: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. कान आणि ब्रॅकेटच्या वेल्डवर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ दिसली तर वरून दुसरा मणी नको, ग्राइंडरने तडा मुळापर्यंत काढून पुन्हा वेल्ड. मग रंग देऊन, बंपर चढवून एम-१२ बोल्ट टॉर्क रेंचने ८० न्यूटन-मीटरला आवळा आणि प्रत्येक नटावर पेंटची सरळ रेघ मारा. सपाट मैदानात, दुसऱ्या जड गाडीला किंवा जाड झाडाला पट्टा बांधून, हळूहळू जोर वाढवत विंच ओढा. दोरावर ओलं पोतं टाका, दोराच्या रेषेत कोणीही उभं नको. मग रेघा बघा, ब्रॅकेटच्या मुळाशी रंग तडकला आहे का ते बघा, दोन्ही बाजूंना बॉडीपासूनची फट मोजा. ती आधीपेक्षा २ एमएमनेही बदलली असेल तर काहीतरी सरकलं आहे. शोधल्याशिवाय चिखलात नेऊ नका. झटक्याने ओढणारा कायनेटिक दोर तर या चाचणीआधी लावूच नका, त्याचा झटका गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जाऊ शकतो. पुढे ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नवा रंग दबला की सगळे थोडे ढिले होतात.